अण्णांसाठी घेतलेली अटेंडंट सेवा: हसरा चेहरा, कामाचे हात आणि आमचा अनुभव

नाशिकमध्ये घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या एका संस्थेकडून आम्ही गेल्या पावसाळ्यापासून अटेंडंट घेतोय. संस्थेचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, त्या त्यांच्या ऑफिसात जाऊन समोरासमोर सांगून झाल्या आहेत. शिवाय या धंद्यात नावावर फार काही ठरत नाही. पाटी तीच राहते, पण दारातून आत येणारं माणूस बदललं की अख्खी सेवा बदलते. म्हणून संस्थेपेक्षा माणूस कसं पारखायचं याबद्दलच जास्त लिहिते. ज्यांच्या घरी आत्ता कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांना उपयोग व्हावा.

आमची परिस्थिती अशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले, वय ७६. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जवळजवळ गेलं. समजतं सगळं, शब्द फुटत नाहीत. 'हो' आणि 'नको' एवढंच स्पष्ट येतं. आई सत्तरीची, तिचे गुडघे धड नाहीत. भाऊ चाकणला, मी एका पतसंस्थेत काउंटरला. दिवसा घरी माणूस हवंच होतं.

दर आधी सांगते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. दिवसाच्या बारा तासांचे ७५० रुपये, चोवीस तासांचे ११००. नोंदणीचे २००० वेगळे, ते परत मिळत नाहीत. पंधरवड्याचे पैसे आगाऊ. यात स्पंजिंग, डायपर, कॅथेटरची पिशवी रिकामी करणं, भरवणं, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं आणि फिजिओने सांगितलेले व्यायाम येतात. स्वयंपाक आणि घरची धुणीभांडी येत नाहीत, आणि ती सांगूही नयेत. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस व्हेरिफिकेशन त्यांनी न मागता दिलं, हे चांगलं.

पहिल्या दिवशी सुपरवायझर मॅडम स्वतः आल्या. फार हसतमुख. दारातच त्यांचं हसू सुरू झालं, 'काहीच काळजी करू नका' म्हणताना तसंच राहिलं, आणि फॉर्मवर सही होताच एका झटक्यात गेलं. मला हे चटकन कळतं, कारण माझाही रोजचा व्यवहार त्याच हसण्यावर चालतो. आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला, ग्राहकाला दिसणार नाही पण आम्हाला दिसेल अशी, 'हसतमुखाने सेवा' अशी पट्टी चिकटवलेली आहे. मुलीच्या लग्नासाठी मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्या माणसाला किती व्याज कापलं जाणार हे सांगतानाही हसायचं असतं. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये हेच मांडलं, की चेहरा आणि भावना कामाला लावणं हेही श्रमच आहेत आणि त्याने माणूस थकतो. त्यामुळे मॅडमच्या हसण्याचा मला अजिबात राग नाही. ते हसणं त्यांच्या ड्यूटीचा भाग आहे. फक्त त्यावरून पुढच्या सेवेचा अंदाज कुणी बांधू नये.

खरं हसू ओळखायचं कसं, याचा अभ्यास बराच जुना आहे. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये एका वृद्ध माणसाच्या चेहऱ्याला विजेचा प्रवाह देऊन एकेक स्नायू वेगवेगळा हलवून दाखवला आणि त्याचे फोटो छापले. त्या माणसाच्या चेहऱ्याला संवेदना फारशी नव्हती, म्हणून त्याला ते सोसलं. विजेने ओठांची टोकं वर गेली, पण ते हसू वाटेना. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आकसतो, गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडेला चुण्या पडतात. दहा वर्षांनी डार्विनने माणसांच्या आणि प्राण्यांच्या हावभावांवर लिहिताना हेच फोटो वापरले. पुढे पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक दिले. गाल वर चढणं ६, ओठांची टोकं वर जाणं १२. ६ आणि १२ एकत्र दिसले तर हसू मनापासूनचं, असं ढोबळमानाने सांगतात. नंतरच्या प्रयोगांत मात्र असं दिसलं की बऱ्याच जणांना डोळ्यांच्या चुण्यांसकट हसू ठरवून आणता येतं. म्हणून वेगही बघतात. आपसूक आलेलं हसू हळूहळू चढतं आणि हळूहळूच उतरतं. आणलेलं हसू पटकन येतं आणि तुटल्यासारखं जातं.

हे सगळं मला पटतं. पण घरी माणूस ठेवताना ते कितपत कामाला येतं, हे आमच्याकडे आलेल्या तिघांवरून सांगते.

पहिली आली ती विशीतली पोरगी. हसरी, आणि तिचं हसू शंभर टक्के खरं. डोळे बारीक व्हायचे, गाल वर यायचे, घर भरून जायचं. आई तर तिच्यावर खूश होती. ती हसायची ते मोबाइलमधले व्हिडिओ बघून, आईशी गप्पा मारताना, गॅलरीतून शेजारच्या लेकरांना खेळवताना. अण्णांकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं, रागही नाही आणि कंटाळाही नाही. एका दुपारी मी लवकर घरी आले आणि अण्णांच्या उजव्या गालात सकाळचे पोहे तसेच सापडले. स्ट्रोकमध्ये ज्या बाजूची शक्ती जाते त्या गालात घास अडकून राहतो आणि माणसाला ते कळतही नाही. तो घास झोपेत श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. हॉस्पिटलमधून सोडताना हे सांगितलं होतं, मी तिला लिहूनही दिलं होतं. मनाने ती वाईट मुलगी नव्हती. तिचा आनंद खरा होता, फक्त त्यात अण्णा कुठे नव्हते. मी ऑफिसला फोन करून माणूस बदलून मागितलं.

दुसरा आला ब्रदर, पंचविशीचा, नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केलेला. याचं हसू अगदी बनवलेलं. 'गुड मॉर्निंग अण्णा' म्हणताना ओठ जायचे तेवढेच, डोळे जागचे हलायचे नाहीत. हसू कसं ओळखायचं हे शिकलेला माणूस त्याला पहिल्याच दिवशी नापास करेल. पण अण्णांचा डायपर बदलताना मी त्याला बघितलं. अण्णा त्या वेळी डोळे घट्ट मिटून घेतात. पूर्ण आयुष्य स्वतःचे कपडे स्वतः धुतलेला, कडक इस्त्रीचा माणूस. परक्या पोरासमोर उघडं पडणं त्यांना मरणासारखं वाटतं. ब्रदर आधी दार लोटायचा, चादर कमरेवर ठेवूनच काम करायचा, आणि सगळा वेळ चेहऱ्यावर तेच बनवलेलं हसू ठेवून क्रिकेटबद्दल काहीतरी बोलत राहायचा. एकदा मी त्याला सरळ विचारलं, की वास तर तुलाही येत असेल ना? तो म्हणाला, "ताई, त्यांनी डोळे उघडले आणि माझं तोंड वाकडं दिसलं तर पुढच्या वेळी ते पाणी प्यायचं सोडतील."

हे खरंच घडतं. लाज वाटली की म्हातारी माणसं पाणी कमी पितात, मग लघवीचा संसर्ग होऊ शकतो. त्या पोराने हे कुठेतरी बघितलेलं होतं आणि त्यासाठी तो चेहरा धरून ठेवत होता. त्या हसण्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण त्या चेहऱ्याआड अण्णांची पुरती काळजी होती. दुर्दैवाने त्याला एका हॉस्पिटलात कायमची नोकरी लागली आणि तो गेला.

मग आल्या त्या मावशी, आजही त्याच आहेत. पन्नाशीच्या, घोटीकडच्या. मावशी फारशा हसतच नाहीत. आईला सुरुवातीला त्या तुसड्या वाटल्या, 'हिचं तोंड सदा उतरलेलं' म्हणायची. मी त्यांचे हात बघत होते. भरवायच्या आधी त्या अण्णांना नीट ताठ बसवतात, पाठीला दोन उशा, हनुवटी किंचित खाली. घास डाव्या बाजूने देतात, गिळलेला दिसला की मगच पुढचा. पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पावडर घालून घट्ट केलेलं, चमच्यानेच. जेवण झालं की बोटाला ओला गॉज गुंडाळून उजव्या गालातून फिरवतात, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत. उठवताना उजवा हात कधी ओढत नाहीत, कारण लुळ्या हाताला ओढलं की खांदा निखळू शकतो. कुणी बघत असो वा नसो, क्रम चुकत नाही. हे मी खात्रीने लिहिते, कारण बेडरूमच्या दारातून मी त्यांना न सांगता कितीतरी वेळा बघितलंय.

आता अण्णांच्या हसण्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच आहे असं मला वाटतं.

फिजिओ येतो तेव्हा अण्णांना म्हणतो, "दात दाखवा, हसा बघू." अण्णा मनापासून प्रयत्न करतात. डावा कोपरा वर जातो, उजवा जागेवरच राहतो, तोंड वाकडं होतं. कपाळाला आठ्या मात्र दोन्ही बाजूंना सारख्या पडतात. त्यांना स्वतःला ते वाकडं हसू माहीत आहे. समोर आरसा धरला की मान फिरवतात. आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की अण्णांचं पहिल्यासारखं हसू आता गेलं.

एक दिवस मावशी त्यांच्या पायाला तेल लावत होत्या. अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते हे आईने त्यांना सांगितलं होतं. मान वर न करता, नेहमीच्याच सुरात त्या म्हणाल्या, "एवढ्या नोटा छापल्या अण्णा, एखादी सुट्टी तरी खिशात राह्यली असती. आज माझ्याकडे बसला सुट्टे नव्हते." आणि अण्णा हसले. दोन्ही बाजूंनी! उजवा कोपरा डाव्याइतकाच वर गेला, गाल चढले, डोळ्यांना चुण्या पडल्या, आणि ते हसू बराच वेळ रेंगाळलं. आई स्वयंपाकघरातून पळत आली. मावशींनी फक्त एकदा वर बघितलं आणि दुसरा पाय हातात घेतला.

पुढच्या तपासणीला मी न्यूरोलॉजिस्टना याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की हे अशा स्ट्रोकमध्ये दिसतं. 'हसा' म्हटल्यावर हसायचा हुकूम मेंदूच्या वरच्या, हालचाली चालवणाऱ्या भागातून निघतो, आणि अण्णांची तीच वाट तुटलीय. मनात उमटलेलं हसू मात्र मेंदूच्या आतल्या, भावनांशी जोडलेल्या भागातून दुसऱ्या वाटेने चेहऱ्याकडे येतं, आणि ती वाट शाबूत आहे. पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा उलट होतं. माणसाला सांगितलं तर तो हसून दाखवू शकतो, पण आतून आनंद झाला तरी चेहरा थंड दिसतो, आणि घरच्यांना उगाच वाटतं की याला आमचं काही पडलेलंच नाही. म्हणजे आमच्या घरात अण्णांना आता खोटं हसताच येत नाही. जेव्हा दोन्ही कोपरे वर जातात तेव्हा ते खरंच असतं. अटेंडंटचं काम कसं चाललंय हे सांगायला यापेक्षा मोठा दाखला मला नकोय. मावशींचा चेहरा काय म्हणतो हे बघायचं मी सोडून दिलं आणि मावशी खोलीत आल्यावर अण्णांचा चेहरा काय म्हणतो हे बघायला लागले.

आमचं घर बौद्ध आहे, त्यामुळे करुणा हा शब्द लहानपणापासून कानावर. वंदनेत, भाषणात, भिंतीवरच्या फोटोखाली. पण त्याचं घरगुती रूप मला विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, एका प्रसंगात सापडलं. एका भिक्खूला अतिसार झालेला. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बुद्धांनी कारण विचारलं तर तो म्हणाला, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझं करत नाहीत. तेव्हा बुद्धांनी स्वतः पाणी ओतलं, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवलं. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असं त्यानंतर त्यांनी भिक्खूंना सांगितलं.

याच प्रसंगाला जोडून चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितलेत, आणि ते आजच्या कुठल्याही एजन्सीच्या माहितीपत्रकापेक्षा चोख आहेत. औषध तयार करून देता आलं पाहिजे. आजाऱ्याला काय चालतं, काय चालत नाही हे कळलं पाहिजे. चालतं ते जवळ आणायचं, चालत नाही ते दूर ठेवायचं. मनात मैत्री ठेवून करावं, आमिषापोटी नाही. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. आणि अधूनमधून धम्माच्या चार शब्दांनी त्याला उभारी देता यावी. हसऱ्या चेहऱ्याचा उल्लेखच नाही. किळस न वाटण्याचा आहे! ब्रदर इथे पूर्ण पास होतो आणि ती हसरी पोरगी दुसऱ्याच गुणावर अडते.

आमिषाबद्दल आमच्या नात्यातल्या एकांनी शंका काढली, की पैसे घेऊन करतात ती कसली करुणा. मला हे मुळीच मान्य नाही. अण्णांनीही जन्मभर पगार घेऊनच इमानाने काम केलं. पगार हा हक्क आहे. कुणी बघत नसताना गालातून गॉज फिरवण्याचे वेगळे पैसे मावशींना कुणी देत नाही, आणि तरी त्या ते करतात.

अण्णांना भेटायला येणाऱ्यांबद्दलही थोडं लिहावंसं वाटतं, कारण ते रुग्णसेवेचाच भाग होऊन बसतं. काही जण आल्या आल्या रडतात. 'काय होते आणि काय झालं' म्हणत अण्णांचा हात धरून हुंदके देतात. त्यांचं दुःख खरं आहे, पण ते गेल्यावर अण्णा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. बुद्धघोष या जुन्या बौद्ध भाष्यकाराने क्रूरता हा करुणेचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा शत्रू सांगितलाय. जवळचा अशासाठी, की तो करुणेसारखाच दिसतो. अलीकडे तान्या सिंगर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी मात्यू रिकार या फ्रेंच भिक्खूंच्या मदतीने यावर काम केलंय. दुसऱ्याचं दुःख स्वतःत जसंच्या तसं भरून घेतलं की माणूस गळून जातो. त्याचं भलं व्हावं या भावनेवर मन ठेवलं तर बळ टिकतं, आणि मेंदूतही हे दोन प्रकार वेगवेगळे दिसतात. मावशी बारा तास काम करून, घोटीपर्यंत बसने जाऊन दुसऱ्या दिवशी परत त्याच हातांनी कामाला लागतात, याचं कारण मला इथे सापडलं. त्या अण्णांसाठी रडत बसत नाहीत. त्यांना अण्णांचं दुखणं काल होतं त्यापेक्षा आज थोडं कमी करायचं असतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार सेल्फीची. हजेरी म्हणून रोज सकाळी अटेंडंटने रुग्णासोबत हसरा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा असा नियम होता. अण्णांना 'हसा' म्हटलं की तोंड वाकडं होतं, आणि तोच फोटो रोज दहा परक्या लोकांकडे जात होता. मावशींनाही ते नको होतं, पण हजेरी कापली जायची. मी ऑफिसात जाऊन ते बंद करायला लावलं. आता फक्त घराच्या दाराचा फोटो जातो. तुम्हीही नोंदणीच्या वेळीच हे विचारून घ्या. दुसरी तक्रार, आम्ही देतो त्यातला मोठा वाटा मधेच राहतो. ७५० पैकी मावशींच्या हातात ५०० पडतात. संस्थेला खर्च असतो हे मान्य, पण एवढा फरक मला अन्यायाचा वाटतो. तिसरी, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस पाठवतात त्याला रुग्णाची काहीही माहिती दिलेली नसते. आम्ही आता पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद लावलाय: डावीकडून भरवा, पाणी घट्ट, उजवा गाल तपासा, उजवा हात ओढू नका.

संस्थेला पाचपैकी तीन. मावशींना पाचपैकी पाच, आणि हे मी त्यांच्या ऑफिसलाही लेखी दिलंय. माणूस नवीन असेल तर पहिल्या दिवशी एक जेवण आणि एक डायपर बदलणं समोर उभं राहून बघा, चहा प्यायला लावून गप्पा मारत बसू नका. दुपारच्या जेवणाची आणि अर्धा तास पाठ टेकायची सोय घरातच करून द्या, बारा तास उभं राहून कुणालाही नीट काम जमत नाही. रात्रीची ड्यूटी आम्ही घेतली नाही, रात्री मी आणि भाऊ सुट्टीला आला की तो बघतो. दिवसाची पुढच्या महिन्यातही चालू ठेवतोय, मावशीच येणार असतील तर.